लिम अंकलचं गाढव आणि तुमचा खडू

बाबा, सापडलं.

गाढव का गुदमरत होतं, ते आज मला सापडलं. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, उबीन बेटावर, लिम अंकलच्या सायकलींच्या शेडमध्ये, तुमचाच दहा नंबरचा पाना हातात असताना. एरवी मी लगेच तुम्हाला फोन केला असता आणि तुम्ही "बरं" एवढंच म्हणून ठेवून दिला असता. आज फोन कुणाला करणार? म्हणून लिहायला बसले आहे. इरा झोपली नाही अजून, बाहेर सोफ्यावर गाल फुगवून बसली आहे. त्याचं कारण शेवटी सांगते.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. अमेय अस्थी घेऊन सांगलीला गेलाय, उद्या सकाळी घाटावर जाईल. सून म्हणून तूही चल, म्हणत होता. मी म्हटलं, एक काम राहिलंय. कुठलं, ते त्याने विचारलं नाही. सोळा दिवसांत त्याने मला फार काही विचारलेलं नाही, मीही त्याला नाही.

तुम्ही जायच्या दोन दिवस आधीच्या मंगळवारचं त्याला माहीतच नाही. तो तेव्हा आंघोळीला गेला होता आणि इराच्या कानात हेडफोन होते. तुम्ही ताट पुढे ओढून घेतलंत आणि विचारलंत, "मग शनिवारी येतेस न्हवं, वृंदा? गाढव बघायला?" तुम्ही हे तिसऱ्यांदा विचारत होतात. आधीचे दोन शनिवार मी काही ना काही सांगून टाळले होते. मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "बाबा, नळीचा फोटो पाठवा, मी इथूनच सांगते." तुम्ही म्हणालात, "फोटोला आवाज नसतो गं." आणि मी म्हणाले, "मला खरी कामं असतात हो."

'खरी' या शब्दावर जोर देऊन म्हणाले. अजून कानात आहे तो जोर. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात, आमटीत बुडवलात, म्हणालात, "बरं." आणि जेवलात. नेहमीइतकंच जेवलात, हे मी नंतर शंभर वेळा आठवून पाहिलं. बुधवारी तुम्ही उबीनला जाऊन आलात, पण मी उशिरा घरी आले आणि आपण बोललो नाही. गुरुवारी दुपारी, बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या, तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. माझा प्रश्न वेगळा होता. माझ्या त्या शब्दाचा त्रास झाला होता का? तो बरोबर घेऊन गेलात का? डॉक्टरांना हे कसं विचारणार!

पण मी आधीचं सोडून शेवटच्याच गोष्टी सांगत सुटले. तुमची शिस्त अशी की गाडी खोलायच्या आधी तिची पूर्ण चौकशी करायची. कधीपासून, कुठे, काय केल्यावर.

आई गेल्यावर तुम्ही सांगलीचं गॅरेज बंद केलंत आणि इथे परदेशात, आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर राहायला आलात. पहिल्या दोन महिन्यांत तुम्ही घरातलं सगळं दुरुस्त केलंत. पंख्याचा आवाज, बाथरूमचा नळ, इराची स्कूटर, समोरच्या मलय काकूंची इस्त्री. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही आणि तुम्ही खुर्चीत बसून खालच्या स्टॉपवर येणाऱ्या बस मोजायला लागलात. एवढ्या वर्षांच्या गॅरेजनंतर तुमची नखं पहिल्यांदा स्वच्छ झाली होती, आणि ती पाहून मला वाईट वाटायचं.

आपलं पहिलं भांडण नळाच्या फडक्यावरून झालं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरातल्या नळाला पंच्याचा तुकडा बांधलात, सांगलीला आई बांधायच्या तसा. मी सोडला. तुम्ही पुन्हा बांधलात. मी म्हटलं, "बाबा, इथलं पाणी गाळावं लागत नाही. सरळ नळाचं पितात सगळे." तुम्ही म्हणालात, "पितील की. गाळून पिलं तर दंड आहे काय?" मी हवेच्या गाळण्यांवर पोट भरणारी बाई. नोव्हेना भागातल्या दवाखान्यांमध्ये ऑपरेशनच्या खोल्यांत हवा किती वेगाने यावी, कुठल्या गाळणीतून यावी, याची गणितं करते. मला गाळण्याबद्दल कुणी शिकवावं! कानामागून आली आणि तिखट झाली, असं तुम्ही अमेयला म्हणालात, आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालात. फडकं मात्र राहिलं. अजून आहे. कालच मी ते धुऊन परत बांधलं.

उबीनला आपण पहिल्यांदा गेलो ते सायकली चालवायला. इराच्या सायकलची साखळी तुटली म्हणून लिम अंकलना फोन केला, आणि ते सायकल उचलून न्यायला आले ते त्या गाडीवरून. जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, मागे वेल्डिंग करून बसवलेली लोखंडी टोपली. इरा म्हणाली, "आजोबा, दॅट्स अॅन एटीव्ही." तुम्ही म्हणालात, "गाढव आहे ते. ओझ्याचं." आणि लिम अंकलना थांबवून, गाडीला कान लावून, बोटाने व्हॉल्व्हच्या जागी टकटक केलंत. ते सत्तरीचे, तुम्ही सत्तरीचे. त्यांना मराठी येत नव्हतं, तुम्हाला त्यांची होक्कियन चिनी. दोघांना मिळून इंग्रजीचे चाळीस शब्द येत असतील. पण तुम्ही बोट फिरवून दाखवलंत आणि त्यांनी लगेच पाना आणून दिला.

त्यानंतर दर बुधवारी आणि शनिवारी तुम्ही उबीनला. चांगीच्या धक्क्यापर्यंत बस, मग ती बारा माणसं जमल्याशिवाय न सुटणारी बोट. एकदा मी विचारलं, बारा माणसं जमायला किती वेळ लागतो? तुम्ही म्हणालात, "कधी दहा मिनिटं, कधी तास. मला काय गाडी गाठायचीय?" संध्याकाळी परत यायचात तेव्हा नखं काळी झालेली असायची. तुम्ही ती तशीच ठेवून जेवायला बसायचात आणि मी काही बोलायची नाही. हे एक माझ्या बाजूने जमेला धरा.

मग त्या भरतीच्या दिवशी गाढव पाण्यात बसलं. खारफुटीजवळचा तो सखल रस्ता मोठ्या भरतीला बुडतो. लिम अंकल दोन सायकली टोपलीत घालून पाण्यातून काढायला गेले, आणि इंजिनाने हवेबरोबर पाणीही ओढलं. तुम्ही पंधरा दिवस खपून इंजिन वाचवलंत. आणि मग ठरवलंत की हवा घ्यायचं तोंडच वर न्यायचं, हँडलच्याही वर, प्लास्टिकची नळी जोडून. त्या रात्री जेवताना तुम्ही टेबलावर मिठाने आकृती काढलीत. जुना फोमचा फिल्टर हात लावताच चुरा होऊन पडला होता, इथल्या दमट हवेने. तर नळीच्या बुडाशी, डब्यात, पंच्याचा एक पदर ताणून बांधतो, असं तुम्ही म्हणालात.

मी हसले. "नळाचं फडकं आता इंजिनालाही?" म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून गाळणीच्या कागदाचा नमुना घेऊन आले. जेवणाच्या ताटाएवढा, पांढराशुभ्र. तुम्हाला म्हटलं, "हा घ्या. ऑपरेशन थिएटरमध्ये लावतात. यातून धुळीचा कणसुद्धा जात नाही." तुम्ही तो उजेडाला धरलात, उलटापालटा केलात, नाकाशी नेलात. म्हणालात, "भारी आहे." तो वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवलात. मला फार बरं वाटलं होतं, बाबा. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण तुमच्या कामात माझी एखादी वस्तू लागली असं पहिल्यांदाच होत होतं.

नळी बसली आणि गाढव आजारी पडलं. नुसतं उभं असताना ठीक, रेस दिली की गुदमरायचं. काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काढला तर काजळी. चढावर रिकामी टोपलीसुद्धा ओढवेना. पेट्रोल पुरतंय, हवा पुरत नाही, हे तुम्हीही म्हणालात आणि मीही. इथपर्यंत आपलं एकमत होतं. पुढे दोन महिने भांडण.

मी म्हणाले, नळी बारीक आहे आणि तिला चार कोपरे आहेत. तुम्ही म्हणालात, नळीचा आवाज मोकळा आहे, दोष कार्बोरेटरमध्ये असेल. मी म्हणाले, आवाजावरून हवा मोजता येत नाही. तुम्ही म्हणालात, मोजून गाडी चालत नाही. मी म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. हे मी सासऱ्यांना म्हणाले. पुण्याच्या माझ्या आईने ऐकलं असतं तर तिथल्या तिथे बसली असती. तुम्ही मात्र एवढे हसलात की ठसका लागला. शेवटी मी तुम्हाला कागदावर गणित करून दिलं. तीन इंची नळी, दोनच वळणं, तीही मोठी. तुम्ही तो कागद घडी करून खिशात ठेवलात आणि परत कधी त्याचा विषय काढला नाहीत. मला वाटलं, टाकून दिला.

त्याच दिवसांत मी एकदा म्हटलं होतं, "मला शिकवा ना इंजिन." खरंच म्हटलं होतं. कॉलेजात मी इंजिनांचा पेपर पहिल्या वर्गात काढला, पण आयुष्यात एक बोल्ट स्वतः सोडवला नव्हता. तुम्ही म्हणालात, "तुला काय शिकवायचं? तू साहेब." मी त्याचा राग धरला. आता लिहिताना कळतंय की नंतरचे दोन शनिवार मी टाळले त्यात कामापेक्षा तो रागच जास्त होता.

तुम्ही गॅरेजात कसं शिकवायचात ते मला माहीत होतं. ते तुम्ही इराला सांगितलं होतंत, ती गणितावरून रडत होती तेव्हा. दोष सापडला की तुम्ही आधी गाडी स्वतः नीट करून बघायचात. मग काढलेला दोष पुन्हा होता तसा बसवायचात आणि शिकायला आलेल्याला हाक मारायचात, "हं, बघ आता." सुटा तर सुटा स्क्रू, फाटका तर फाटका वायसर, सगळं परत जागच्या जागी. अमेय मधेच म्हणाला, "आणि गिऱ्हाईक बोंबलायचं." तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक दोन दिवस थांबतं. न थांबून जातंय कुठं?" इराने विचारलं, "पण आजोबा, व्हाय नॉट जस्ट टेल देम?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "ज्याला शिकवायचं नसतं, त्याला सांगून टाकायचं. गाडी घे नि जा म्हणायचं." इराला ते पटलं नाही. मी भांडी आवरत होते. मी नुसतं ऐकलं.

आज सकाळी मी इराला घेऊन निघाले. बोटीत आम्ही नववी आणि दहावी. तासभर बसलो. एक जण म्हणाला, राहिलेल्या दोघांचं भाडं आपण वाटून देऊ आणि निघू. मी म्हटलं, नको, येतील. माझ्या तोंडून हे निघालं याचं मलाच नवल वाटलं. इराने माझ्याकडे वळून पाहिलं.

लिम अंकल शेडबाहेर बसले होते. मंदाईच्या स्मशानात तुम्हाला निरोप द्यायला ते पांढरा शर्ट घालून आले होते. आज उठून उभे राहिले, आधी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सॅटर्डे. यू कम." प्रश्न विचारल्यासारखं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. शेडच्या दाराशी हातगाडी होती, तिच्यावर पंक्चर झालेल्या तीन सायकली. गाढव आत, ताडपत्रीखाली. मी विचारलं, "नॉट युजिंग?" ते म्हणाले, "बाबा से डोन्ट टच. सो आय डोन्ट टच, लाह." सोळा दिवस तो म्हातारा माणूस सायकली हातगाडीवर ओढतोय.

ताडपत्री काढली आणि पहिला टोला तिथेच बसला. नळी तीन इंची होती. दोनच वळणं, मोठी. माझा कागद तुमच्या अवजारांच्या पेटीत, वरच्या कप्प्यात होता, त्यावर तेलाचे अंगठे उमटलेले, आणि प्रत्येक मापापुढे तुमची पेन्सिलची बरोबरची खूण. तुम्ही शब्द न बोलता सगळी नळी माझ्या गणिताने पुन्हा केली होतीत. आणि मी मंगळवारी तुमच्याकडे नळीचा फोटो मागत होते.

तुम्ही करायचात तसं केलं. आधी गाडी सुरू करून ऐकलं. उभ्या उभ्या ठीक. रेस दिली, गुदमरली, काळा धूर. इरा नाक धरून गेटपाशी जाऊन उभी राहिली. मग नळी डब्याच्या तोंडापासून सोडवली आणि पुन्हा रेस दिली. तरी गुदमरली. म्हणजे नळी निर्दोष. दोन महिन्यांचं माझं भांडण तिथे, अर्ध्या मिनिटात निकालात निघालं. खरं तर घरी बसून नीट आकडे मांडले असते तर तुमची पहिली दोन इंची नळीही पुरते हे दिसलं असतं, आता कबूल करते. कार्बोरेटरही नव्हता, तो तर तुम्ही आरशासारखा लख्ख करून ठेवला होता. उरला मधला डबा. दहा नंबरचा पाना घेतला, चार बोल्ट सोडवले, झाकण उचललं.

आत माझा कागद होता. ऑपरेशन थिएटरचा. ताटाएवढा, आता राखाडी, दमट, पण नीट ताणून बसवलेला, कडेने रबराची पट्टी लावून, एका बाजूनेही हवा चोरून जाणार नाही असा.

पाहताक्षणी कळलं. आमच्याकडे असल्या कागदाला घड्यांवर घड्या घालून एका चौकटीत अंगणभर कागद कोंबतात, तेव्हा कुठे त्यातून हवा जाते, तीही अगदी सावकाश. मी तुम्हाला त्यातला ताटाएवढा तुकडा दिला आणि सांगितलं की यातून इंजिनाला जेवू घाला. माझ्या हाताखालच्या नवख्या मुलीने हे केलं असतं तर मी तिला सगळ्यांसमोर झापलं असतं. आणि गणितात मी नळी धरली, वळणं धरली, माझा कागद धरलाच नाही. माझी वस्तू चूक असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! तुमच्याही डोक्यात दोन महिने आलं नसणार. तुम्ही कार्बोरेटर तीनदा खोललात, प्लग बदललात, नळी बदललीत, पण सुनेने दिलेल्या वस्तूवर शेवटपर्यंत संशय घेतला नाहीत. हे मनात आलं आणि मला तिथेच, त्या पेट्रोलच्या वासात, रडू आलं. गेटपासून इरा ओरडली, "मम्मा, इज इट व्हेरी ब्रोकन?"

डोळे पुसायला म्हणून झाकण खाली ठेवलं, ते उलटं पडलं. आतल्या बाजूला तुमचा खडू होता. गॅरेजात तुम्ही गाडीच्या भागांवर खडूने लिहून ठेवायचात, ती सवय. अक्षर ठेंगणं, जोर दिलेलं, दमट हवेने थोडं फुटलेलं.

बुधवार.
वृंदाचं काढून — झकास.
वृंदाचं लावून — गुदमर.
परत लावलं. शनिवार.

मी ते किती वेळ वाचत होते मला माहीत नाही. लिम अंकल मागे येऊन उभे राहिले आणि हात हलवत सांगायला लागले. "वेन्सडे ही ओपन, ही टेक आउट. वा, रन व्हेरी गुड! आय सो हॅपी, आय गो मेक कोपी. आय कम बॅक, ही पुट इनसाइड अगेन! आय से, बाबा, यू मॅड आह? ही से, नो नो. सॅटर्डे. शी कम."

मी म्हटलं, "बट आय टोल्ड हिम आय ॲम नॉट कमिंग."

लिम अंकलनी खांदे उडवले. "ही से यू कम."

बाबा, मंगळवारी संध्याकाळी मी तुम्हाला म्हणाले की मला खरी कामं असतात. बुधवारी सकाळी तुम्ही बस घेतलीत, बोटीत बारा माणसं जमेपर्यंत बसलात, दोष शोधलात, गाडी झकास केलीत आणि मग माझ्यासाठी ती पुन्हा बिघडवून ठेवलीत. घरी येऊन तुम्ही मला ते एका वाक्यात सांगू शकला असतात. 'तुझाच कागद, सूनबाई' म्हणाला असतात, तर मी मान खाली घातली असती आणि भांडण संपलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत. सोळा दिवस मी ज्या प्रश्नाने जळत होते त्याचं उत्तर डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलं होतंत.

तरी माफी मागायची राहिलीच आहे, ती मागते. चुकले मी. तो शब्द वाईट होता आणि तो मी जाणूनबुजून वापरला होता. तुम्ही असतात तर "असू दे की" म्हणाला असतात, आणि मग मला आणखी वाईट वाटलं असतं. तुम्ही आधी दोनदा बोलावलंत त्यातल्या एका शनिवारी मी आले असते, तर तुम्ही शेडच्या कोपऱ्यात त्या उलट्या क्रेटवर बसला असतात, मला बघत, एक अक्षर न बोलता. तो एक शनिवार माझा मीच घालवला. त्याचं दुःख राहील, ते कुठल्या पान्याने सुटणार नाही.

तुमच्या पेटीत पंच्याचा तुकडा होता, हात पुसायचा. स्वच्छ भाग बघून कापला, एक पदर, डब्यात ताणून बांधला, नळी लावली, किक मारली. रेस दिली. अहो, काय आवाज! तुम्ही ज्याला 'मोकळा' म्हणायचात तो आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. इराला मागे बसवून मी सखल रस्त्यापर्यंत जाऊन आले, चढ एका दमात चढला. पंचा काही कायमचा उपाय नाही, तेल लावलेला फोमच हवा, तेवढं मला कळतं. फोम मी आणणार आहे. पण गावठी म्हणून हसले होते, त्या फडक्यावर गाढव पळालं, हे तुमच्या कानावर घालायलाच हवं.

परत आलो तेव्हा लिम अंकल दोन कप कोपी घेऊन उभे होते. हातगाडी त्यांनी शेडमागे लावूनही टाकली होती. इरा गाढवाभोवती फिरत होती. नळीला कान लावला, बोटाने डब्यावर टकटक केली, तुम्ही करायचात तशी. मग विचारलं, "सो व्हॉट वॉज द प्रॉब्लेम? मगाशी तू का रडत होतीस? आय वॉज बाय द गेट, आय डिडन्ट सी."

मी तिच्याकडे पाहिलं. दहा वर्षांची आहे. नखं स्वच्छ आहेत.

तिला म्हटलं, जा, अंकलसाठी समोरून पाण्याची बाटली घेऊन ये. ती गेली. मी चार बोल्ट सोडवले, पंचा काढला, माझा राखाडी कागद होता तसा परत बसवला, रबराची पट्टी नीट दाबली. तुमचं अक्षर झाकणाच्या आत तसंच ठेवलं, त्याला हात लावला नाही. झाकण लावलं, बोल्ट आवळले. लिम अंकल कप हातात धरून हे सगळं बघत होते. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "आय्यो, अगेन आह?" म्हणाले, आणि शेडमागे गेले. हातगाडीच्या चाकाचा आवाज आला.

इरा परत आली. मी गाडी सुरू केली, रेस दिली. गुदमरली, काळा धूर. तिने आधी गाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हं," मी म्हणाले, "बघ आता."

बोट सुटेपर्यंत ती नळीशीच झटत होती. बोटीत विचारलं, बसमध्ये विचारलं, जेवताना विचारलं. आत्ताही सोफ्यावरून ओरडली, "मम्मा, जस्ट टेल मी लाह!"

मी सांगितलं नाही.